मिरचीच्या चक्कीचा पंखा

भिलाईत पंखे विकायला बसलेल्या माणसाला एक फर्माईश जन्मभर ऐकावी लागते. ‘प्लांटवाला दाखवा.’ न्हाणीघरातली एवढीशी वाफ बाहेर काढायची असली तरी गिऱ्हाईक अशा थाटात विचारतं, जणू त्याच्या घरी लोखंड वितळतंय. यात त्याचा दोष नाही. ज्या गावात दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी भट्टीपाशी उभं राहून नोकरी करून आलंय, तिथे मजबूत वस्तू म्हणजे प्लांटातली वस्तू, हे कोणाला शिकवावं लागत नाही. पावर हाउसच्या बाजारात भैय्याजींच्या दुकानात बारा वर्षं काउंटर सांभाळणारा प्रवीण या समजुतीला मनातल्या मनात हसायचा. खुद्द त्याचा बाप रोलिंग मिलमधून रिटायर झालेला, आणि त्यांच्या घरची कपडे वाळत घालायची तारसुद्धा क्रेनला पुरेल एवढी जाड होती.

प्रवीणचा भरवसा टेपवर. गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः जायचं, खोलीची लांबी, रुंदी, उंची घ्यायची, तासाला किती वेळा हवा बदलायला हवी ते काढायचं आणि मग पंखा सांगायचा. दुकान, हॉटेल, ऑफिस असेल तर कमर्शियल. कारखाना असेल, दिवसरात्र चालायचा असेल, तर इंडस्ट्रियल. एवढं सरळ असताना लोक नुसत्या वजनावर पंखा का निवडतात, हे त्याला कळत नसे. ‘पंखा काय पहेलवान आहे का?’ असं तो विचारायचा आणि स्वतःच हसायचा. बाजारात त्याचं नाव होतं, आणि ते त्याला ठाऊकही होतं, जरा जास्तच.

म्हणून फेब्रुवारीत खुशबू जेव्हा नव्या मसाला चक्कीसाठी पंखा घ्यायला आली आणि ‘प्लांटवालाच द्या’ म्हणाली, तेव्हा प्रवीणने तिला गोडीत अडवलं. टेप घेऊन तो बाजारामागच्या गल्लीत तिच्या घरी गेला. पुढची खोली, बारा बाय दहा, दार एक, खिडकी माकडांच्या त्रासाने पत्रा ठोकून बंद केलेली. मागच्या भिंतीपलीकडे पडीक जागा, म्हणजे बाहेर टाकलेल्या हवेने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. त्याने पंधरा इंची कमर्शियल पंखा सांगितला, मागच्या भिंतीत बसवून दिला, चालू करून समोर कागद धरला. कागद जाळीला चिकटून बसला. खुशबू खूश, तिचा नवरा धम्मपाल खूश, आणि प्रवीण तर त्या दिवशी रस्त्याने शीळ घालत परतला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, खुशबू दुकानाच्या पायरीशी उभी राहिली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि आवाज बसलेला होता.

“भाऊ, तुमचा पंखा काही कामाचा नाही,” ती म्हणाली. “मिरचीचा सीजन लागला आन खोलीत कोनाले उभं राहवत नाही. खोकून खोकून बाया हैरान होऊन राहिल्या. दोघी तर थैल्या घेऊन दुसऱ्या चक्कीवर गेल्या.”

“रिकाम्या खोलीत तर कागद चिकटला होता, तुमच्यासमोर.”

“रिकाम्या खोलीत मिरची कोन दळते, भाऊ?”

खुशबूने पुढचं सांगितलं, आणि ते त्याहून वाईट होतं. वर्षाची मिरची-हळद घरं एकदाच दळतात, मार्च-एप्रिलमध्ये. या दोन महिन्यांत जी बाई जिथे जाईल तिथेच ती पुढची दहा वर्षं जाणार. सेक्टर दोनमधल्या सत्यभामाबाई काल आल्या होत्या. त्या जिथे मिरची दळतात तिथे त्यांच्या मागोमाग निम्मा सेक्टर जातो. अर्धी थैली दळून होईपर्यंत त्या खोकून बेजार झाल्या, उरलेली मिरची उचलली आणि म्हणाल्या, गुरुवारी शेवटचं येऊन पाहीन. तेव्हाही असंच असलं तर राम राम. खुशबूने शिलाईची मशीन मोडून, भावाकडून उसने घेऊन ही चक्की उभी केली होती. गुरुवारी सत्यभामाबाई परत गेल्या तर ती चक्की सुरू होण्याआधीच संपल्यात जमा होती.

भैय्याजी गल्ल्यावरून सगळं ऐकत होते. दुकानाच्या कोपऱ्यात एक चोवीस इंची इंडस्ट्रियल पंखा दोन वर्षं धूळ खात पडला होता. कोण्या ठेकेदाराने मागवला आणि नेलाच नाही. भैय्याजींनी हनुवटीनेच तिकडे खूण केली. “दे दो बेटी को. तूफान है तूफान.”

खुशबू पंख्यापाशी गेली, त्याच्या पात्यांवर हात ठेवून उभी राहिली. एवढा भारी पंखा पाहून तिच्या चेहऱ्यावर जी आशा आली ती प्रवीणला पाहवेना. आपलं चुकलं हे त्याला कळत होतं, पण नेमकं काय चुकलं हे कळत नव्हतं. आणि न कळता दुसरा पंखा विकणं त्याच्या जिवावर आलं.

“आधी पाहून येतो,” तो म्हणाला.

दुपारी बाराला तो चक्कीवर पोचला तर पुढचं दार दिसेचना. दारात बाया. पाच-सहा दाराच्या चौकटीत, तीन-चार आत भिंतीला टेकून, तोंडाला पदर, ओढणी, एकीने तर नवऱ्याचा हेल्मेटखालचा रुमाल बांधलेला. सगळ्यांच्या नजरा चक्कीच्या तोंडाकडे. हे कोणाला नवं नव्हतं. आपली मिरची कोणी एकटी सोडत नाही. रंगाची वेगळी, तिखटाची वेगळी, गावाकडून देठ खुडून आणलेली, गच्चीवर आठ दिवस वाळवलेली; ती चक्कीत पडली की मालकीण बाजूला उभी राहते, तिच्यात दुसरीची मिरची मिसळू नये म्हणून. वर्षभर घर जेवतं ते त्या डब्यातलं. खुशबूवर कोणाचा अविश्वास नव्हता. ती रीतच होती.

प्रवीण कसाबसा आत शिरला आणि पहिल्याच श्वासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पंखा तर फिरत होता. पण वर लाल धुकं जागच्या जागी लोंबत होतं. चक्कीच्या मागे, जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन, एक सत्तरीची बारीक बाई हातात झाडू घेऊन बसली होती. खुशबूची सासू, शेवंताबाई. फेब्रुवारीतही ती इथेच कुठेतरी बसलेली असणार, पण प्रवीणने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. भिंती मोजायला आलेला माणूस म्हातारीकडे कशाला पाहील?

त्याने पंख्यासमोर कागद धरला. कागद आळसावल्यासारखा हलला आणि खाली आला. पात्यांवर थोडी धूळ, बाकी सगळं ठीक. त्याने दोनदा बटण बंद-चालू केलं. मग उगाच टेप काढली आणि तीच भिंत परत मोजली.

“भितीत काही फरक नाही पडला, बाबू,” शेवंताबाई खालून म्हणाली.

प्रवीणला राग आला. मग रागाच्या जागी थकवा आला. डोळे चुरचुरत होते, गुरुवार दोन दिवसांवर होता आणि त्याच्या बारा वर्षांच्या हिशेबाला एक कागद चिकटवता येत नव्हता. तो चक्कीमागे तिच्यासमोर उकिडवा बसला.

“मग तुम्हीच सांगा, मावशी. काय बिघडलं?”

म्हातारीने झाडू खाली ठेवला. आधी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, हा थट्टा तर करत नाही ना म्हणून. करत नाही असं दिसल्यावर ती सावकाश बोलू लागली.

“मी दिवसातून तीनदा झाडतो ही खोली. सकाळी झाडतो तवा सारी धूळ पंख्याखाली भेटते, भितीपाशी. एक-दोनच बाया असतात सकाळी. आन दुपारी झाडतो तवा पंख्याखाली काहीच नाही. साऱ्या खोलीत बसलेली असते. बायांच्या पायापाशी तर थरच्या थर.” तिने बोटाने जमिनीवर एक रेघ ओढून दाखवली, बोट लाल झालं. “पंखा तोच. मिरची तेच. मंग सकाळी धूळ चालते आन दुपारी बसते, ते कावून?”

प्रवीणने दाराकडे पाहिलं. अडीच फुटी दार आणि त्यात बायांची भिंत. बाहेरचा उजेडसुद्धा फटीफटीतून येत होता. पंखा हवा बाहेर ढकलणार, पण आत येणार कुठून? त्याने बारा बाय दहाची खोली मोजली होती. त्या खोलीत रोज दुपारी दहा बाया उभ्या राहणार, हे प्रत्येक घराला माहीत असलेलं सत्य, त्याच्या आईलासुद्धा, त्याने मोजलंच नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही.

“तुम्हाला कसं कळलं, मावशी?”

“तीस वर्स सिंटर प्लांटात झाडू मारला, ठेकेदाराकडे,” ती म्हणाली. “कच्च्या लोखंडाची धूळ तिथं. साहेब लोक वर पंखे लावायचे, मोजायचे, लिहून न्यायचे. ते वर पाहत, मी खाली पाहो. हवा चालली का थांबली ते धुळीले समजते. पन धुळीले कोन विचारते.” ती हसली, वरचे दोन दात नसलेलं हसू. यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच प्रवीणला ते जास्त लागलं.

आता बायांना दारातून हटवायचं होतं. खुशबूने विनंती केली, धम्मपालने विनंती केली. कोणी हललं नाही. माझी मिरची लागली आहे, माझा नंबर पुढचा आहे, माझी थैली आत आहे. एकीने तर स्पष्ट सांगितलं की चक्की बंद कर, मी मिरची काढून घेते, पण मी इथून जात नाही. प्रवीणला वाटलं, इथेच संपलं.

शेवंताबाई कमरेवर हात ठेवून उठली. ती बायांशी एक शब्दही बोलली नाही. भिंतीशी रांगेत ठेवलेल्या थैल्यांपैकी पहिली तिने उचलली, दारातून वाट काढत बाहेर नेली आणि ओट्यावर निंबाच्या सावलीत ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. प्रवीण आधी बघत राहिला, मग त्याला उमगलं आणि तोही उचलायला लागला.

आणि बाया निघाल्या. ज्या बाईची थैली बाहेर गेली ती बाई थैलीमागे बाहेर गेली. कोणी सांगितलं नाही, कोणी कुरकुर केली नाही. आपली मिरची सावलीत ठेवली आहे, तर आपण गर्दीत दाराशी कशाला उभं राहायचं? पाच मिनिटांत दार मोकळं झालं. आत एकच बाई राहिली, जिची मिरची चक्कीत होती, आणि तिने तिथे असावं हे बरोबरच होतं. वरचं धुकं आधी हललं, मग तिरपं झालं, मग भिंतीकडे सरकत सरकत पंख्यात गेलं. आतल्या बाईने तोंडावरचा पदर बाजूला केला, पुन्हा ओढला, पुन्हा बाजूला केला आणि तसाच राहू दिला.

प्रवीणला टाळी वाजवावीशी वाटली. बारा वर्षांत त्याने लोकांना हलवायचे शंभर उपाय सुचवले असते, पाट्या, दोऱ्या, कूपन. या बाईने लोकांना हलवलंच नाही. त्यांना जे सोडवत नाही तेच तिने उचललं.

तेवढ्यात पंखा घरघरला, जळक्या वार्निशचा वास आला आणि पाती हळूहळू थांबली.

धुकं परत वर चढू लागलं. प्रवीणने पंखा उतरवला, ओट्यावर नेला आणि मोटार उघडली. आतल्या तारांवर मिरचीची बारीक पूड तेलकट होऊन घट्ट बसली होती, बोटभर. कमर्शियल पंख्याच्या मोटारीला थंड राहायला कडेने भोकं असतात. हॉटेलात, ऑफिसात ती बरी. इथे त्याच भोकांतून तिने दीड महिना तिखट खाल्लं होतं.

“म्हणजे प्लांटवालाच घ्याले पायजे होता,” धम्मपाल म्हणाला. “तो मोठा आहे ना दुकानात?”

प्रवीण काही बोलायच्या आधी शेवंताबाई जवळ आली आणि तिने उघड्या मोटारीत वाकून पाहिलं.

“मोठा कायले पायजे? आताच हवा चालून राहिली होती ना याच पंख्यानं? खोली तेच, पंखा तेवढाच पुरते.” ती प्रवीणकडे वळली. “मले एक सांग बाबू. जो आनशील, त्याच्या पोटात धूळ जाते का नाही? आमच्या तिथं ज्या मोटारीचं पोट बंद, ते चाले. ज्याचं उघडं, ते महिन्याभरात जाये. लहान-मोठ्याचं काही नाही.”

इंडस्ट्रियल म्हणजे काय, हे प्रवीणने कितीदा किती गिऱ्हाइकांना समजावलं होतं. आकार, वेग, दिवसरात्र चालणं, वजन. एवढं नेमकं त्याला कधी सांगता आलं नव्हतं. चोवीस इंचीने या खोलीत दार आपटलं असतं, मिरची चक्कीतून उडवली असती. कमर्शियल पुन्हा लावला असता तर पुन्हा जळाला असता. आधीच्याच मापाचा पंखा हवा होता, पण बंद पोटाचा, प्लांटातल्यासारखा. बारा वर्षं तो लोकांना हसत आला होता, आणि अर्ध्या बाबतीत लोकच बरोबर होते.

दुकानात भैय्याजींना हे पटायला वेळ लागला. कोपऱ्यातला तूफान जाईल म्हणून ते खुशीत होते. पंधरा इंची, बंद मोटारीचा पंखा दुकानात नव्हता. रायपूरहून मागवावा लागणार होता, आणि तोही बुधवारपर्यंत.

“वो लेने को तैयार है, तू ना बोल रहा है?” त्यांनी विचारलं.

“मी चुकीचा दिला होता, भैय्याजी. आता परत चुकीचा नाही देत.”

भैय्याजींनी फोन उचलला आणि रायपूरला लावला. त्यांना प्रवीणचा राग आला होता, पण त्याचं म्हणणं खोटं नाही हेही त्यांना कळत होतं.

बुधवारी संध्याकाळी पंखा आला. दिसायला आधीच्याच एवढा, उचलायला दुप्पट. प्रवीणने तो बसवला, आणि या वेळी कागद धरला नाही. त्याने शेवंताबाईला बोलावलं. तिने खुशबूला मूठभर मिरची टाकून चक्की चालवायला सांगितलं, बंद करायला लावलं आणि जमीन झाडली. सगळी लाली पंख्याखाली गोळा झाली होती. “चालते,” ती म्हणाली. धम्मपालने ओट्यावर थैल्यांसाठी एक लांब फळी बसवली, वर जुनी ताडपत्री बांधली आणि खाली एक बाकडं टाकलं.

गुरुवारी प्रवीण दुकानात थांबू शकला नाही. साडेदहालाच तो खुशबूच्या ओट्यावर येऊन बसला. सत्यभामाबाई अकराला आल्या, ऑटोने. अंगाने भरलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बरोबर दोन थैल्या, एक मिरचीची आणि एक हळदीची. हळदीची थैली फळीवर ठेवली, मिरचीची घेऊन आत गेल्या आणि चक्कीच्या बाजूला पदर नाकाशी धरून उभ्या राहिल्या.

चक्की सुरू झाली. बाहेर बाकड्यावर सात बाया आपापल्या थैल्यांशी बसलेल्या, सगळ्यांची तोंडं आत वळलेली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. सत्यभामाबाईंनी पदर खाली केला. त्यांनी वर पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग मोकळ्या दाराकडे. एकदा नाक फुलवून मोठा श्वास घेतला, खोकला येतो का ते पाहायला. आला नाही. खुशबूचे हात चक्कीवर होते, पण तिची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

मिरची दळून झाली. सत्यभामाबाईंनी चिमूट घेऊन रंग पाहिला, तळहातावर घासली, डबा बंद केला. बाहेर आल्या. आता हळदीची पाळी. हळद दळायला चक्की पुसून घ्यावी लागते, आणि तेव्हाच सगळ्यात जास्त लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर हळदीत तिखट उतरतं.

त्या फळीपाशी थांबल्या. हळदीच्या थैलीवर एकदा हात फिरवला. मग शेवंताबाईकडे पाहिलं.

“बाजारातून भाजी घेऊन येतो मी,” त्या म्हणाल्या. “हयद दळून ठेवा.”

आणि त्या निघून गेल्या. मागे वळून न पाहता, पिशवी हलवत, गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशा झाल्या. खुशबूने सासूकडे पाहिलं. आपली हळद सोडून गेलेली बाई प्रवीणने जन्मात पाहिली नव्हती.

शेवंताबाई उठली. तिने झाडू भिंतीला टेकवला, पदर खांद्यावर नीट घेतला, सत्यभामाबाईंची थैली उचलून आत नेली. खुशबूकडून तिने चक्की दोनदा पुसून घेतली. मग जिथे मालकीण उभी राहते तिथे ती जाऊन उभी राहिली, आणि हळद पूर्ण दळून होईपर्यंत तिथून हलली नाही.